डावीकडे वळत राहायचं

परवा दुपारी कॉम्प्युटरवरच्या खेळात, डार्लिंगटन या ट्रॅकवर झालेल्या एका ऑनलाइन शर्यतीचा रीप्ले बघत बसलो होतो. माझा नाही, जिंकलेल्याचा. कॅमेरा गाडीच्या आत नेला, तर आत काही घडतच नव्हतं. वळण आलं की स्टीअरिंग जरासं डावीकडे जायचं, तिथे थांबायचं आणि निवांत परत यायचं. बघणाऱ्याला जांभई यावी. मग माझी फेरी लावली. तिच्यात हात नुसते कामाला जुंपलेले: वळव, सोड, सावर, परत वळव. काय गाडी हाणतोय हा, असं कुणालाही वाटलं असतं. घड्याळाचं मत वेगळं होतं.

स्टॉक कार, म्हणजे रोजच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांची अमेरिकेतली शर्यत, म्हटलं की लोक हसतात. गोल गोल फिरायचं, डावीकडे वळत राहायचं, त्यात शिकायचं काय? त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय. फार तर डार्लिंगटनच्या तळ्याची गोष्ट सांगतो. साउथ कॅरोलायनातला हा ट्रॅक १९५० साली सुरू झाला. जमीन ज्याची होती त्याची अट होती, की माझ्या माशांच्या तळ्याला हात लावायचा नाही. झालं! तळं वाचवायला ट्रॅकचं एक टोक चिंचोळं करावं लागलं आणि लंबगोलाऐवजी अंडं तयार झालं. एका टोकाला शहाण्यासारखी वळणारी गाडी दुसऱ्या टोकाला रुसून बसते. इतक्या वर्षांनी, त्या बोटभर माशांपायी, कुठल्या कुठल्या खोल्यांत बसलेली माणसं पडद्यावरच्या भिंतीला उजवी बाजू घासून घेत आहेत.

माझ्या बाबतीत दोष बोटांचा आहे. लहानपणी गाडीचा खेळ म्हणजे कीबोर्डवरचे चार बाण. वरचा बाण दाबला की पूर्ण वेग, सोडला की काही नाही. अधलंमधलं काही नव्हतंच. वळणावर आम्ही तो बाण टकटक टकटक वाजवायचो आणि जो जास्त जोरात वाजवेल तो पट्टीचा ड्रायव्हर. कळ जोरात दाबल्याने गाडी जोरात जात नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं. वळताना खुर्चीत सगळं अंग त्या बाजूला झुकायचं, तेही वेगळंच. आता पायाखाली चांगलं पेडल आहे, पण पाय अजून तो बाणच वाजवतो. टेलिमेट्रीत, म्हणजे पेडल-स्टीअरिंगच्या हालचालींच्या आलेखात, ते लपत नाही. त्या जिंकणाऱ्याच्या ॲक्सिलरेटरची रेघ सावकाश उतरते, तळाशी रेंगाळते, सावकाश चढते. माझी वर-खाली, वर-खाली.

सगळं शिक्षण खरं तर पाय उचलण्याचं आहे. दाबायला कुणालाही येतं. झोपलेल्या मुलाच्या मानेखालून हात काढून घ्यावा तसा ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. दीड टनाच्या आसपासची गाडी. पाय झटकन उचलला की भार पुढच्या चाकांवर येतो, मागची बाजू हलकी होते आणि सुटते. आणि ते उजवं पुढचं टायर! डावीकडे वळणाऱ्या गाडीत सगळ्यात जास्त सोसतं ते बिचारं. गाडी वळत नाहीये असं वाटलं की आपण स्टीअरिंग आणखी पिळतो. ते टायर घासतं, तापतं, पकड सोडतं, मग गाडी आणखीच वळत नाही, मग आपण आणखीच पिळतो. त्या वेळी हात थोडा सैल सोडायचा असतो. भिंत अंगावर येत असताना हात सैल सोडायचा! डार्लिंगटनचा पृष्ठभाग खरखरीत, टायर खाणारा. नव्या टायरवर पहिल्या काही फेऱ्या मीही त्या लोकांच्या मागे चिकटून असतो. टायर झिजायला लागले की ते तसेच जात राहतात आणि मी हळूहळू इतिहासजमा होतो.

खऱ्या गाडीत मागची चाकं सुटू लागली की ते आधी पाठीला कळतं. इथे खुर्ची ढिम्म. उरतात कान आणि तळहात: टायरचा सूर चढतो, स्टीअरिंग किंचित हलकं लागतं. म्हणून खेळताना संगीत बंद, गप्पा बंद. आणि रस्त्यावर कुठून जायचं ते दाखवणारी ती रंगीत रेघ तर मला डोळ्यांसमोर नको असते. तिच्याकडे बघत चालवणारा माणूस टायरचं ऐकत नाही, असं माझं ठाम मत आहे. पटलं नाही तर सोडून द्या.

हे सगळं पोरखेळ म्हणणाऱ्यांना विल्यम बायरन या अमेरिकन ड्रायव्हरचं नाव सांगावं. हा पोरगा आयरेसिंग या कॉम्प्युटरवरच्या शर्यतीच्या खेळावर शिकला, मग खऱ्या गाडीत बसला आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५०० ही स्टॉक कारची सगळ्यात मानाची शर्यत जिंकला. संथ हातांचा विजय वगैरे म्हणून मी इथेच थांबणार होतो. पण मध्ये रॉस चॅस्टेन हा दुसरा ड्रायव्हर येतो.

२०२२ चा ऑक्टोबर, मार्टिन्सविलचा ट्रॅक, शेवटची फेरी. त्या वर्षीच्या अजिंक्यपदाच्या अंतिम चौघांत जायला आणखी गाड्या मागे टाकायला हव्यात आणि पुढे उरलंय फक्त शेवटचं वळण. या गृहस्थाने पाय उचललाच नाही. गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि वळवायचं काम भिंतीवर सोपवलं. दहाव्याचा पाचवा झाला. फेरीची वेळ १८.८४५ सेकंद, त्या ट्रॅकवर नॅसकारच्या (म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या) कप या सर्वोच्च मालिकेतल्या गाडीने तेवढी वेगवान फेरी आधी कधी मारलेली नव्हती. कुठे शिकलास, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, की लहानपणी गेमक्यूब या खेळयंत्रावर नॅसकार २००५ हा खेळ खेळायचो, तिथे हे चालायचं.

म्हणजे बघा, त्या वळणातली त्याच्या ॲक्सिलरेटरची रेघ सरळ, सपाट, एकही खड्डा नसलेली. आम्ही महिनोन्‌महिने जिच्यासाठी पाय घासतोय तिच्यापेक्षा गुळगुळीत. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी नॅसकारने जाहीर केलं, की यापुढे कुणी असं केलं तर दंड होईल. योग्यच केलं. भिंतीच्या पलीकडे प्रेक्षक असतात आणि गाडीत माणूस असतो.