पेरू का थांबू

आमच्या घरात वारी बाबांपासून आहे. बाबा शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीसंगं थेट पंढरपूरपर्यंत जायचे, मला काही तेवढं जमत नाही, वावर आहे, पोरं लहान आहेत, म्हणून मी शेगावहून निघतो आणि रिसोडपर्यंत चालतो, आणि मग श्रावणात पालखी परत येते तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा करतो. पालखीत पताका-टाळवाले सातशे वारकरी असतात त्यांची शिस्त वेगळी, मी आपला मागून चालणाऱ्यांमधला.

बाबा निघताना वावराचं काहीच सांगून जात नव्हते. माय आणि काका बघायचे. सांगायची गरजच नव्हती, मिरग म्हणजे मृग नक्षत्र लागला, दोन चांगले पाऊस झाले, जमीन वितभर भिजली की पेरणीला तिफन जुंपायची, एवढं तर लहान पोराला पण माहीत होतं. बाबा सांगायचे की आम्ही परळीच्या पुढं असायचो, अंगावर पाऊस आला की मनात म्हणायचो आता आपल्याकडं पेरून राह्यले असतील, आणि परत आल्यावर विचारलं तर त्याच्या दोन-तीन दिवस इकडंतिकडं पेरलेलंच असायचं. घरी फोन नव्हता. महिनाभर बाबाला वावराची खबर नाही आणि कुणाचं काही अडायचं नाही.

मी 2025 च्या वारीत नऊ-दहा दिवस चाललो आणि त्यातले निम्मे दिवस माझं लक्ष खिशातल्या फोनकडं होतं.

त्या वर्षीचा मे आठवतो ना सगळ्यांना. नवतपा लागतो 25 मेच्या आसपास, नऊ दिवस जमीन नुसती भाजायची, आणि ती भाजायलाच पाहिजे. नांगरून टाकलेली काळी माती तापली की अळीचे कोष मरतात, भेगा पडतात, पहिला पाऊस त्या भेगांतून खोल जातो. आणि आमच्याकडं त्या मे महिन्यात वावरात पाणी साचलं होतं! वखरणी राहिली, तण उगवून आलं, संत्रावाल्यांचे हाल, उन्हाळी कांदा वावरात सडला. टीव्हीवर सांगत होते मान्सून 26 मेलाच मुंबईत आला, नेहमीची तारीख 11 जून, 1950 पासून एवढ्या लवकर कधी आला नव्हता म्हणे. गावात लोक खुश. कृषी विभागवाले सांगत होते घाई करू नका, 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, आणि ते बरोबरच होतं, पण आमच्यासारख्याला कळेना की हे मोजायचं कोणत्या तारखेपासून, मे महिन्यात पडला तो धरायचा का सोडायचा. चावडीवर यावर दोन दिवस वाद चालला.

अशात 2 जूनला पालखी निघाली. भावाला म्हटलं मी रोज संध्याकाळी फोन करतो, तू काही ठरवू नको एकट्यानं.

पहिला मुक्काम पारस. पारसचं नाव सगळ्यांना औष्णिक वीज केंद्रामुळं माहीत, चिमण्या लांबूनच दिसायला लागतात. पण माझ्या बाजूला चालणाऱ्या दोन आज्या पारस जवळ आलं तशा गप्प झाल्या. तिथं 9 एप्रिल 2023 ला संध्याकाळी बाबूजी महाराजांच्या देवळात आरतीला लोक जमले होते, वादळ सुटलं, पाऊस आला म्हणून माणसं टिनाच्या शेडमध्ये गेली आणि बाजूचं भलं मोठं कडुनिंबाचं झाड त्या शेडवर पडलं. सात माणसं गेली. एप्रिलमध्ये. आज्यांपैकी एकीच्या नात्यातलं कुणीतरी जखमी झालं होतं त्यात. ती म्हणाली, "बाबू, वादळ आलं की माणूस देवाच्या दारात जाते, आता कुठं जावं सांग." मला काही बोलता आलं नाही. रात्री थोडा वारा सुटला तर मंडपात किती जण उठून बसले, मी पण.

पारसहून भौरद, भौरदहून अकोला. मेच्या पावसानं वाटलं होतं यंदा ऊन कमी लागेल, पण मान्सून अडकून पडला आणि पारा परत चाळिशीच्या वर गेला, हवेत ओलावा तसाच, घाम येतो पण सुकत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूला लोक ताक, लिंबू शरबत, कैरीचं पन्हं घेऊन उभे, पोरंसुद्धा ग्लास घेऊन धावतात, "जय गजानन माउली" म्हणून हातात देतात. अकोलेकरांना उन्हाचं कौतुक सांगायला नको, 2024 च्या मेमध्ये तिथं पारा 45 च्या वर गेला होता आणि उन्हामुळं जिल्ह्यात कलम 144 लावलं होतं, दंगलीसाठी लावतात ते कलम उन्हासाठी. एका झाडाखाली पाणी प्यायला थांबलो तिथं धसकटं वेचणाऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांना विचारलं किती वाजता येता, तर म्हणाल्या पहाटे साडेपाचला, अकराच्या पुढं वावरात उभं राहवत नाही. मग मजुरी? "अर्धा रोज." उन्हात आजारी पडलेल्या माणसाचा आकडा पेपरात येतो, पण हा रोज रोज बुडालेला अर्धा रोज कुणी कुठं लिहून ठेवत नाही, आणि घर तर त्याच्यावरच चालतं. त्यातली एक म्हणे रात्रीच झोप लागत नाही, टिन तापलेलं असते, लाइन जाते, लेकरू रडते, मग पहाटे उठून परत वावरात.

मला त्या बाईचं बोलणं पालखीच्या टाळांपेक्षा जास्त आठवते हे सांगायला संकोच वाटतो, पण खरं आहे.

आता आमच्या वावराचं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. जमीन काळी, सोन्यासारखी, पण खाली पाणी खारं. विहीर खोदली तरी ते पाणी पिकाला चालत नाही, दिलं तर जमीनच खराब होते. बाकीच्या भागात पावसानं ओढ दिली तर शेतकरी मोटर चालू करतो, आमच्याकडं मोटर चालू करायला गोडं पाणीच नाही. पाऊस म्हणजे पाऊस, त्याला दुसरा पर्याय नाही. म्हणून तारीख चुकली की सगळं चुकलं.

मिरग लागायच्या सुमाराला आम्ही पातूरचा घाट चढत होतो मेडशीकडं. आभाळ भरून आलेलं, वारा थंड, समोरचा विणेकरी डोळे मिटून चाललेला, "गण गण गणात बोते" असं मागून एका लयीत, त्या क्षणी असं वाटलं की काही चिंता नाही. आणि फोन वाजला.

"भाऊ, पेरू का थांबू?"

"ओल हाय का?"

"वरून सुकली, बोटभर खाली हाय. बाजूच्यानं काल पेरलं. टॅक्टर उद्या भेटते, मग आठ दिवस नाही भेटत म्हंते."

मी वर बघितलं. आभाळ काळंभोर. माझ्या डोक्यावर जे आभाळ होतं ते दर्यापूरचं नव्हतं, हे मला कळत होतं, पण मन मानेना. मी म्हटलं, "पेर."

तीन एकर सोयाबीन पेरलं. त्यानंतर आठ-नऊ दिवस थेंब नाही. ओलीवर बी उगवलं, दोन पानं टाकली आणि करपलं. तीन बॅग बिजवाई, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं मातीत, आणि परत पेरायला परत तेवढेच पैसे. बॅग तीन हजाराच्या आसपास होती, ती पण दुसऱ्या वेळी उधारीवर आणावी लागली. बाजूच्याकडं शेततळं होतं, त्यात मेचं पाणी साठलेलं, त्यानं तुषार सिंचन लावून निम्मं वाचवलं. आमचं शेततळं अजून कागदावर आहे. भाऊ मला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

मेडशीच्या पुढं एक पोरगा भेटला होता, अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकतो, सुट्टीत चालायला आलेला. त्याला मी विचारलं की बाबू हे असं काहून होऊन राह्यलं. तो म्हणाला, काका, हवा एक डिग्री तापली की साधारण 7 टक्के जास्त वाफ धरून ठेवते, म्हणजे पाऊस लवकर पडत नाही, धरून ठेवते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. वर्षाचा एकूण आकडा बघितला तर सरासरीच्या जवळ दिसू शकते, पण मधले कोरडे दिवस वाढतात आणि पडते ते चार-सहा दिवसांत पडून जाते. पिकाला सरासरी कळत नाही. त्यानं असं पण सांगितलं की दुसऱ्याच्या मोबाईलवरचा पाऊस पाहू नका, तुमच्या वावरात मोजा, गावातल्या गावात फरक असते. हे मी आधी ऐकलं असतं तर असं आता वाटते.

रिसोडला पालखीला नमस्कार करून मी बसनं घरी आलो. पाऊस आला 16-17 जूनकडं. परत पेरलं.

जुलैच्या शेवटी खामगावला गेलो. तो टप्पा ज्यांनी चाललाय त्यांना माहीत आहे, पहाटे निघायचं, रस्त्यावर मुंगीला जागा नाही, लाखानं माणसं, बाया डोक्यावर तुळस घेऊन, पोरं बापाच्या खांद्यावर, आणि वरून पाऊस. माझ्यासंगं मेहकरकडचे एक आजोबा चालत होते, पायात चप्पल नाही. पालखी त्यांच्या भागातूनच आली, तिथंच ते मागं लागले. 25-26 जूनच्या रात्री मेहकर-लोणारकडं ढगफुटीसारखा पाऊस झाला होता, पैनगंगा पसरली, त्यांचं नदीकाठचं वावर खरडून गेलं. पीक गेलं असं नाही म्हणाले, "जमीन गेली" म्हणाले. "पीक गेलं तर पुढच्या साली येते बापू. माती आणायची कुठून? तिथं आता नुस्ते दगड हायत." सरकारची मदत मिळते खरडून गेलेल्या जमिनीला, पंचनामा झाला होता त्यांचा, पण हातभर माती बनायला किती पिढ्या लागतात ते शेतकऱ्याला विचारा.

बघा ना, मी जूनमध्ये थेंबासाठी आभाळाकडं बघत होतो त्याच्या पंधरा दिवसांत शंभर-दीडशे किलोमीटरवर ह्या माणसाचं वावर वाहून गेलं, आणि आम्ही दोघं एकाच रस्त्यानं एकाच देवाकडं चाललेलो. मी त्यांना विचारलं महाराजांपाशी काय मागणार. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, नातू विचारते शेती करू का नको करू, मी त्याले काय सांगू.

शेगावात कळस दिसला तेव्हा सगळ्यांचे हात वर गेले, त्यांचेही.

आमच्या दुसऱ्या पेरणीचं सोयाबीन शेंगेत आलं तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस थांबला नाही, काही शेंगा झाडावरच फुटल्या, कोंब आले. एकरी तीन क्विंटल पण नाही झालं. तूर थोडी बरी झाली म्हणून निभलं.

यंदा, 2026 ला, अधिक महिना आला, आषाढी 25 जुलैला आहे, म्हणजे पालखी मिरग लागून गेल्यावरच निघणार. भाऊ म्हणतो पेरणी आटपूनच जा. मी म्हणतो पेरणी आटपेल का नाही कुणाला माहीत, मी तारीख धरून जातो. भावानं वावराच्या धुऱ्यावर एक प्लास्टिकचं पर्जन्यमापक ठोकलंय, दीड-दोनशे रुपयांचं, आणि पोराच्या जुन्या वहीत रोज सकाळी आकडा लिहितो. मागच्या आठवड्यात अवकाळी आला तर सकाळी सहाला उठवून मला सांगत होता, "भाऊ, अकरा." मी म्हटलं लिही. तो म्हणाला, लिहिलं, पण हा धरायचा का सोडायचा?