आमचं घर पाण्यात

लेकीची शाळा परवा भायखळ्याला जाऊन आली. राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. दुपारी तिचं दप्तर झटकताना अर्धी पोळी, एक केळ्याचं साल आणि चुरगळलेला कागद निघाला. वर मुंबईच्या सात बेटांचा नकाशा, खाली दोन प्रश्न. 'तुमचं घर कोणत्या बेटावर येतं?' आणि '२०५० साली तुमचं घर कसं असेल? चित्र काढा.' दोन्ही जागा कोऱ्या.

नकाशा दिसला की माझं बोट आधी स्वतःचं घर शोधतं. जगाच्या नकाशावरसुद्धा मी ताडदेव शोधलेलं आहे. ही खोड लागली चौथीत, याच सहलीच्या आदल्या दिवशी. बाईंनी फळ्यावर बेटं काढली होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. एकेकाने येऊन आपलं घर दाखवायचं. गिरगाववाले ऐटीत मुंबई बेटावर जाऊन आले, माझगावच्या पोरीने तर डोळे मिटून बोट ठेवलं. मी ताडदेवच्या अंदाजाने खडू टेकवला आणि बाई म्हणाल्या, "अरे, तुझं घर तर पाण्यात!"

वर्ग खदखदला. वरळीचा बांध १७८४च्या सुमारास पुरा झाला, त्याआधी भरतीचं पाणी आत पार पायधुणीपर्यंत यायचं, म्हणून तर ते नाव, वगैरे बाईंनी नंतर सांगितलं. पण तोवर माझं नाव 'बोंबील' पडलं होतं. ते दहावीपर्यंत टिकलं.

सहलीत मग संग्रहालयाकडे लक्ष कुठलं? आता ते हिरवं-सोनेरी झळकतं. २००८ साली डागडुजी पुरी होऊन पुन्हा उघडलं. आमच्या वेळी आत अंधार, धूळ आणि 'हात लावू नका'. काचेमागे तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या घातलेली मातीची माणसं उभी होती, त्यात एखादा बोंबील दिसतो का, म्हणून मागची पोरं मला कोपराने ढोसत होती. वाघ-सिंह कधी दाखवणार, एवढंच सगळ्यांना विचारायचं होतं.

लक्षात राहिला तो बाहेरचा दगडी हत्ती. मूळचा घारापुरीचा, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली साहेब त्याला विलायतेला न्यायला निघाला. उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले, १९१४मध्ये जोडले, आणि हत्ती बागेत उभा राहिला. बाईंनी सांध्याच्या रेघा दाखवल्या. "पडला म्हणून राहिला," म्हणाल्या आणि पुढच्या ओळीतल्या दोघांचे कान धरायला धावल्या. मी डबा त्याच्यासमोरच बसून खाल्ला. बटाट्याची भाजी होती. त्या दिवशी पाण्याशी भानगड असलेले आम्ही दोघंच.

"बाबा, कुठलं बेट लिहू?" लेक पेन्सिल चावत विचारत होती.

आता आम्ही दहिसरला भाड्याने राहतो. ताडदेवची चाळ दोन वर्षांपूर्वी पाडली. टॉवर होणार आहे, खाली तीन मजले नुसतं पार्किंग. गेल्या महिन्यात त्या बाजूला गेलो होतो तेव्हा पत्र्याच्या फटीतून डोकावलो. पायासाठी खणलेला भला मोठा खड्डा पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला. कडेला बंद पडलेला पंप, आणि साधारण जिथे आमचं स्वयंपाकघर यायचं तिथे एका पायावर उभा बगळा. वॉचमन म्हणाला, "किधर जाना है?"

"लिही, पाण्यात," मी म्हटलं.

तिने मुकाट लिहिलं. मग निळा खडू काढून दुसऱ्या चौकोनावर धरला.

"आणि २०५०चं?"

"थांब जरा. बिल्डरला विचारून सांगतो."