रोर्क्स ड्रिफ्टला, पण लढाईसाठी नाही

डर्बनहून निघताना मोटेलवाल्याने विचारलं, “लढाई बघायला?” मी मान डोलावली. चित्रकार जॉन मुआफांगेजोचं नाव सांगून त्याला कुठे गोंधळात टाकू!

डंडी सोडल्यावर शेवटी शेवटी रस्ता कच्चा लागला आणि ड्रायव्हर झुलू म्हणजे स्थानिक होता म्हणून बरं. रोर्क्स ड्रिफ्टला शियाने टेकडीच्या पायथ्याशी दीडशेच्या आसपास ब्रिटिश सैनिकांनी 22 जानेवारी 1879 ची रात्र मक्याची पोती आणि बिस्किटांची खोकी रचून काढली. समोर तीन-चार हजार झुलू. अकरा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनची सर्वोच्च शौर्यपदकं, मिळाली. त्याच दिवशी जवळच्या इसांडल्वानाला ब्रिटिशांचा धुव्वा उडाला होता, म्हणूनही इथलं कौतुक जरा जास्तच झालं असावं. पोत्यांची भिंत होती तिथे आता जमिनीवर दगडांची ओळ आहे. ती मी दोन मिनिटांत ओलांडली.

मला जायचं होतं शेजारच्या कलाकेंद्रात. पेडर आणि उल्ला गोवेनियस या स्वीडिश दांपत्याचं हे केंद्र 1963 मध्ये इथे आलं. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीयांना चित्रकला शिकायला जागा होत्याच किती? अंगोलात जन्मलेला, नामिबियातल्या मिशनमध्ये वाढलेला जॉन 1967 मध्ये इथे शिकायला आला आणि लिनोकटला चिकटला तो कायमचा.

लिनोकट मी कॉलेजात केलाय. लिनो म्हणजे लिनोलियमचा तुकडा, तो उन्हात तापवून मऊ करायचा, छिन्नीने कोरायचा, शाईचा रोलर फिरवायचा. कोरलेलं पांढरं राहतं, उरलेलं काळं उमटतं. मी हौसेने कोपऱ्यात स्वतःचं नाव कोरलं आणि छापल्यावर ते उलटं आलं. सगळा वर्ग हसला. जॉन तर चित्रात वाक्यंच्या वाक्यं कोरायचा, म्हणजे प्रत्येक अक्षर आरशातलं. लग्न, बिशप, गुरं, 1981 मध्ये उडवून दिलेलं नामिबियातल्या ओदिबोचं धर्मविद्यालय, स्वतःचा एकटेपणा, सगळं त्या काळ्या-पांढऱ्यात. जवळचं मोठं, लांबचं छोटं, असली भानगड तो ठेवतच नाही.

चित्रकलेचा विभाग 1982 मध्ये बंद पडला. आत मागावर बायका गालिचे विणत होत्या, फळीवर मडकी मांडलेली. जॉन 1987 मध्ये नामिबियाची राजधानी विंडहुकच्या काटुटुरा वस्तीत वारला, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी.

परतताना ड्रायव्हरला मोबाइलवर जॉनचं 1981 चं चित्र दाखवलं. विषय हीच लढाई. त्याने दोन बोटांनी ते मोठं केलं, ब्रिटिशांवरून सरकवत झुलूंवर आणलं आणि तिथेच बघत राहिला. मग म्हणाला, “मला पाठव.” रेंज नव्हती. डंडीला चहाला थांबलो तेव्हा पाठवलं.