खुराड्याचा भोंगा आणि गणपतीची माळ

"अहो, ते इलेक्ट्रॉनिकचं सामान तुम्हाला इथं देवगडात मिळतं कुठं?" हा प्रश्न लोकांनी मला बँकेच्या काउंटरवर विचारलाय, मासळीबाजारात विचारलाय, आणि एकदा तर बाराव्याच्या पंगतीत, वाढप्याच्या हातात वड्यांचं ताट असताना. परवा हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंनी विचारलं. त्यांचं प्रदर्शन तोंडावर आलंय, नववीच्या पोरांना पाण्याच्या टाकीचा अलार्म करायचाय, आणि हातात पैसे जेमतेम ३०० रुपये. माझी तेव्हा रोकड जुळवायची घाई होती, "सांगते नंतर" म्हणून त्यांना वाटेला लावलं. तर बाई, तुम्ही विचारलंत म्हणून आता निवांत लिहिते.

सरळ उत्तर आधी उरकते. सुटे ट्रान्झिस्टर, म्हणजे करंट चालू-बंद करणारे तीन पायांचे चिमुकले भाग, विकणारं दुकान मला चालत जाण्याच्या अंतरावर नाही. घाट चढून कोल्हापूर गाठायचं, कणकवलीहून रात्रीची गाडी धरून मुंबईला जायचं, नाहीतर ऑनलाइन मागवायचं. ऑनलाइनची गंमत अशी की बीसी ५४७ ट्रान्झिस्टर दोन रुपयांचा आणि कुरिअर सत्तर रुपयांचं. म्हणून फ्रिजवर एक यादी लावलेली असते. ती पानभर झाली की मागवते, वर्षातून दोनदा. पण हौशी माणसाला वस्तू हवी असते ती आज रात्री जेवणं आटोपल्यावर. ती कुठून येते, ते एका खुराड्याच्या गोष्टीतून सांगते.

शेजारच्या काकूंच्या कोंबड्या रात्री रानमांजर पळवायचं. काकू म्हणाल्या, दार हललं की वाजेल असं काहीतरी कर. दारावर चुंबक आणि चौकटीला रीड स्विच, इथवर सोपं होतं. रीड स्विच म्हणजे काचेच्या नळीत दोन बारीक पात्या, चुंबक जवळ आलं की चिकटतात, लांब गेलं की सुटतात. तो भाच्याच्या सायकलच्या मोडक्या डिजिटल स्पीडोमीटरमध्ये मिळाला. चाकाच्या तारेला चुंबक आणि फोर्कला रीड स्विच, त्या यंत्राचं सगळं शास्त्र एवढंच. अडचण पुढे होती. मांजर आत शिरलं आणि दार मागे आपोआप लोटलं गेलं तर भोंगा गप्प होता कामा नये. एकदा वाजायला लागला की कुणीतरी येऊन बंद करेपर्यंत वाजत राहायला हवा. त्याला हवा एससीआर, म्हणजे तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच. त्याच्या गेट नावाच्या पायाला एकदा जरासा करंट टोचला की तो चालू होतो आणि गेटचा करंट काढला तरी चालूच राहतो. आता रात्री नऊ वाजता देवगडात एससीआर कुठून आणायचा?

गणपतीच्या माळेतून. मखराला लावतो ती आठ तऱ्हांनी लुकलुकणारी माळ आठवा. तिच्या वायरीत एक छोटी डबी असते, बटण दाबलं की तऱ्हा बदलते. ती डबी उघडली की आत तीन पायांचे एससीआर असतात, बहुतेक माळांत चार. माळेतला एक दिवा गेला की त्या रांगेतले सगळे विझतात, म्हणून अनंत चतुर्दशी उलटली की वाडीतल्या निम्म्या माळा कचऱ्यात जातात. डबी मात्र ठणठणीत असते. (ती थेट २३० व्होल्टवर चालते, तेव्हा माळ प्लगला असताना उघडू नका. हे सांगायची गरज नसावी, पण नववीची पोरं आहेत.)

पहिल्या रात्री भोंग्यानं माझी फजिती केली. दार उघडलं की "टिक्" एवढंच व्हायचं आणि सगळं शांत. रिक्षाच्या गॅरेजमधून टर्र वाजणारा जुना बझर आणला होता. रात्री अकराला खाटेवर पडल्यावर डोक्यात उजेड पडला. त्या बझरच्या आत कॉन्टॅक्ट असतो. तोच करंट जोडतो, तोच तोडतो, म्हणून तर टर्र वाजतं. आणि करंट पुरता तुटला की एससीआर आपलं काम संपलं समजून झोपतो. उठून बझरच्या दोन टोकांवर एक हजार ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट मोजकाच जाऊ देणारा भाग, जोडला. १२ व्होल्टवर त्यातून १२ मिलिअँपिअर सतत वाहतो, तेवढ्यावर एससीआर जागा राहतो. मग असा काही भोंगा वाजला की काकू कंदील घेऊन धावत आल्या. मांजराच्या आधी त्यांनी मलाच पकडलं.

खर्च शून्य. बॅटरीसुद्धा बँकेतल्या यूपीएसमधून काढलेली, कॉम्प्युटर पेलायला म्हातारी आणि बझरला तरणीताठी. साहेबांना विचारून आणली हो.

त्या दिवसापासून मी "कुठं मिळतं?" असं विचारायचं सोडलं. "कशात असतं?" असं विचारते. मग घरभर उत्तरं सापडतात. अचूक वेळेचा क्रिस्टल हवा? भिंतीवरच्या घड्याळात आहे. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि आतली चिप त्या आकड्याला १५ वेळा दोननं भागून एक सेकंद काढते. आणि कोकणात घड्याळांना तोटा नाही. निवृत्ती असो, वास्तुशांत असो, क्रिकेटचे सामने असोत, भेट म्हणून घड्याळच देतात. मिनिटाला पाचसहा फेरे मारणारी दमदार मोटर? मायक्रोवेव्हची काचेची ताटली फिरवते ती. (ती बहुधा खालच्या पत्र्याआडून निघते. वरचं झाकण मात्र उघडू नका. तिथला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, माणूस मारतो, ही अतिशयोक्ती नाही.) इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड, फेकणारा आणि टिपणारा अशी जोडी? गोळीवाल्या जुन्या माउसमध्ये दोन जोड्या. टप्प्याटप्प्यानं फिरणारी स्टेपर मोटर आणि गुळगुळीत पोलादी दांड्या? प्रिंटर. बाई, तुमच्या पोरांना पाण्याच्या झडपेचा पुढचा प्रयोग करायचा असेल तर कपडे धुण्याच्या मशीनला पाणी घेणारा व्हॉल्व्ह शोधा. मशीन भंगारात जातं तेव्हाही तो शाबूत असतो.

आपल्याकडे वस्तू बिघडण्याचा हंगाम असतो, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. मे महिन्यात वळवाचा पाऊस आणि ऑक्टोबरात परतीचा, दोन्ही विजा घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी मोडेमचे आणि सेट टॉप बॉक्सचे अडाप्टर मेलेले. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलं, त्यानंतर आमच्या टीव्हीवाल्या मेस्त्रींच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी सहज डोकावले तर वैतागून म्हणाले, "बाई, ह्यां सगळां न्हेवा. माका जागा होयी." पोतंभर सर्किट बोर्ड स्कूटरच्या पायाशी ठेवून आणले.

विजेचा तडाखा बसलेला अडाप्टर उघडला की बहुतेक वेळा मेलेले भाग एकाच बाजूला दिसतात. जिथून २३० व्होल्ट आत येतात तिथला फ्यूज, जादा व्होल्टेज झेलणारा निळा चपटा व्हॅरिस्टर फुटलेला, स्विचिंगची चिप काळवंडलेली. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची बाजू, म्हणजे १२ व्होल्टची, पुष्कळदा जिवंत असते. तिथला करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा शॉटकी डायोड, टीएल ४३१ ही अडीच व्होल्टचा नेमका संदर्भ देणारी चिमुकली चिप, आणि दोन्ही बाजूंच्या सीमेवर बसलेला, उजेडातून निरोप पोचवणारा चार पायांचा ऑप्टोकप्लर, हे मी काढून घेते. टीएल ४३१नं तर बॅटरी उतरली की दिवा लावणारं सर्किट दोन-तीन रेझिस्टरांत होतं.

एक तडाखा मलाही बसलाय. तासापूर्वी प्लगवरून काढलेला अडाप्टर, म्हणून निर्धास्त हात घातला. २३० व्होल्ट डायोडांतून गेले की कपॅसिटरवर जवळपास ३२५ व्होल्ट साठतात, आणि पुढची चिप मेलेली असेल तर ते उपसणारं कुणी नसतं. कोपरापर्यंत मुंग्या आल्या आणि चहाचा कप गेला. तेव्हापासून जुना साठ वॉटचा बल्ब, दोन वायरी लावलेला, टेबलाला टांगलेला असतो. आधी त्याची टोकं कपॅसिटरला लावायची, मग मीटरनं बघायचं, मग हात.

समुद्राकाठी दुसरा शत्रू खारी हवा. दोन पावसाळे काढलेल्या बोर्डाचं तांबं हिरवं पडतं. इथं माझ्या हातून एक शहाणपणा झालाय, तो सांगायलाच हवा. देवघरातली तांब्याची भांडी आपण आमसुलानं घासतो, लखलखतात. म्हटलं बोर्ड का नाही? आमसुलाच्या पाण्यात ब्रश बुडवून घासला, नव्यासारखा दिसायला लागला, कौतुकानं नवऱ्याला दाखवला. आठ दिवसांनी त्याच्या रेघा जागोजागी तुटल्या होत्या. आंबट पाणी भागांच्या पोटाखाली राहून तांबं खात बसलं होतं. भांडं आपण खळखळून धुतो, बोर्ड तसा कुठं धुतो? आता आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश वापरते, आणि काम झालं की उघड्या तांब्यावर नेलपॉलिश. गुलाबी रंगाचे बोर्ड बघून भाचा हसतो. हसू दे.

सगळंच भंगारातून घ्यावं असं मात्र मी म्हणणार नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर नवेच घ्यावेत, जुने आतून सुकलेले असतात. फ्यूज आणि व्हॅरिस्टर तर नवेच. लिथियमच्या सेलचं अर्धं-अर्धं. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल. स्वस्त म्हणून ऑनलाइन घेतले, त्यांच्यावर ९९०० एमएएच छापलेलं, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचा आकडा. या मापाचा चांगला सेलसुद्धा साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, हे महाशय तिसाच्या आतच. त्यापेक्षा लॅपटॉपची 'गेलेली' बॅटरी बरी. तिच्यात सहा सेल दोन-दोनच्या जोड्यांत असतात, एक जोडी बसली की अख्खी बॅटरी मेली म्हणून टाकतात. उरलेल्या चारांत बहुधा जीव असतो. दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल मी परत जागवत नाही, आणि चार्ज करून पंधरा दिवस पत्र्याच्या डब्यात ठेवल्यावर ज्याचा व्होल्टेज उतरतो त्यालाही रजा. पोरांच्या हातात मात्र हे सेल देऊ नका. त्यांना साध्या पेन्सिल सेलवर करू दे.

मुंबईला कामानिमित्त गेले की लॅमिंग्टन रोडला चक्कर असते. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते नाव विचारलंत तर लोक विचारात पडतात. यादी घेऊनच जावं आणि आकडा पुरता सांगावा. "एक छोटा ट्रान्झिस्टर द्या" म्हणणाऱ्या बाईकडे काउंटरवाला बघतही नाही. "बीसी ५४७, पन्नास" म्हटलं की बसायला स्टूल येतं. रविवारी जाऊ नये, बहुतेक शटरं खाली असतात. जुन्या मासिकांतली सर्किटं काढून एसएल १०० आणि बीसी १४८ शोधत फिरू नका. एसएल १००च्या जागी २एन २२१९ चालतो, तीच धातूची टोपी. बीसी १४८च्या जागी ५४७ चालतो, फक्त पायांचा क्रम वेगळा आहे, तो बघून लावा.

तुमच्या टाकीच्या अलार्मला, बाई, एक ५४७, दोन रेझिस्टर, एक बझर आणि पाण्यात सोडायला स्टीलच्या दोन पट्ट्या पुरतात. तांब्याच्या वायरी पाण्यात सोडल्या तर महिन्याभरात हिरव्या होऊन झिजतील. पट्ट्या जुन्या चमच्यांच्या करा. बझर बंद पडलेल्या यूपीएसमधून काढून ठेवलाय, रेझिस्टर माझ्या डब्यात ढिगानं आहेत. शनिवारी दुपारी पोरांना पाठवा. तुमचे ३०० रुपये सोल्डरिंगच्या इस्तरीला वापरा.

आणि आता माझी एक नड. पुढच्या वर्षी पोरांकडून बॅटरीशिवाय चालणारा रेडिओ करून घ्यायचा माझा विचार आहे. ओए ७९ हे जर्मेनियमचे दोन डायोड कापसात गुंडाळून ठेवलेत, कॉइल पीव्हीसीच्या पाइपवर गुंडाळता येईल. अडलंय ते गँगपाशी, म्हणजे स्टेशन जुळवणाऱ्या भागापाशी. जुन्या वाल्वच्या रेडिओत बटण फिरवलं की अॅल्युमिनियमच्या अर्धगोल पात्या एकमेकींत सरकायच्या, तो. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर तसला रेडिओ धूळ खात असेल तर भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकण्याआधी मला हाक मारा. आजोबांचा म्हणून टाकवत नसेल तर तसं सांगा, मी तो चालू करायला बघते. झालाच चालू, तर गँग मागणार नाही.