पातळी ३९ फूट

जुलै, रात्रीचे दहा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं. ही इशारा पातळी, धोक्याची ४३. गल्लीत दुसरा विषय नाही. कुंभारांनी गणपतीच्या मूर्ती वर चढवायला घेतल्यात. मीही धान्याचे डबे आणि कागदपत्रांची पेटी माळ्यावर ठेवली आणि मग पोटभर भाकरी-आमटी जेवले. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

शाहूपुरीतल्या आमच्या घरात २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला पुन्हा. तेव्हापासून आषाढ लागला की पोटात मुरडा, रात्री छातीत धडधड. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, रिपोर्ट नॉर्मल. ‘मनाचं आहे’ म्हणून विषय संपवणाऱ्यांचा मला अजून राग येतो. पोट खरंच दुखायचं हो!

राजारामपुरीतल्या समुपदेशक ताईंनी पहिल्याच भेटीत पोट, झोप, घरातली माणसं, अगदी कर्जाचे हप्तेसुद्धा विचारले. आजार शरीर, मन आणि भोवतालची परिस्थिती यांतून मिळून घडतो, हे जॉर्ज एंजल या अमेरिकन डॉक्टरांनी १९७७ मध्ये मांडलं होतं. ताईंची एकात्मिक पद्धत त्याच वाटेनं जाते. ‘पाणी आलं की सगळं संपलं’ हा विचार वहीत लिहून तपासायचा. श्वास सोडताना लांबवायचा, म्हणजे मेंदूतून हृदयाकडं आणि पोटाकडं जाणाऱ्या व्हेगस नर्व्ह या नसेमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात. झोपेची गोळी मात्र त्यांनी बंद करायला लावली नाही, ते डॉक्टर ठरवतील म्हणाल्या. ‘गोळ्या फेका, ऊर्जा बदला’ सांगणाऱ्यांकडे कुणी जाऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

पण खरी गाठ सुटली ती म्हशीपाशी. २०१९ ला बोटीत बसण्याआधी मामंजींनी तिचं दावं कापलं. ती पाण्यात उतरली, वळून आमच्याकडे बघत राहिली. पुढं तिचं नाव घरात कुणी काढलं नाही. ताईंनी ‘पोट दुखतं तेव्हा काय दिसतं?’ विचारलं आणि मला तीच दिसली. मी हुंदके देऊन रडले. ताईंनी घाई केली नाही. पाय फरशीला टेकलेले आहेत ना, एवढंच मधूनमधून विचारत राहिल्या. त्या दिवसापासून मुरडा कमी होत गेला. भीती गेलेली नाही, पण आता ती आली की काय करायचं ते हाताला माहीत आहे.

शेजारच्या वहिनी पावसाच्या आवाजानं झोपत नाहीत. त्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दिला. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

येत्या गुरुवारी मामंजींना ताईंकडे नेणार आहे. सकाळी विचारलं तर आधी गप्प बसले. मग म्हणाले, “म्हशीचं सांगायचं असंल तर येतो.”