आमच्या क्लबच्या कयाक आणि विम्याची फाइल

युनिव्हर्सिटीच्या पॅडलिंग क्लबमधे इक्विपमेंटचं काम माझ्या गळ्यात पडलं कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो. आधीच्या पोराने शेडची किल्ली दिली, एक फाइल दिली आणि म्हणाला, इन्शुरन्स आहे, टेन्शन नको. मी पण घेतलं नाही. फाइल उघडलीच नाही ना!

मग दोन-तीन महिन्यांनी एका ट्रिपहून परत येताना गाडीच्या टपावरचा पट्टा सैल झाला आणि एक कयाक सरळ रस्त्यावर. मागे गाडी नव्हती हे नशीब. बोट उचलून बघितली तर बुडाला वीतभर चीर, आणि सीट आतून निखळलेली. सगळे म्हणाले जाऊदे रे इन्शुरन्स आहे. तेव्हा कुठे फाइल उघडली.

पॉलिसीत लिहिलं होतं, सामान ठरलेल्या जागेत, कुलपात असताना चोरी झाली किंवा आग लागली तर. वाहतुकीत काही झालं तर? त्याचं वेगळं कव्हर असतं, ते आम्ही घेतलंच नव्हतं. मग वाटलं गाडीचा इन्शुरन्स देईल, तर तिथला थर्ड पार्टी म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर, टपावर आपणच बांधलेल्या बोटीचं काय त्याच्याशी घेणंदेणं. म्हणजे ज्या क्लबची बोट शेडपेक्षा जास्त वेळ टपावर नाहीतर ट्रेलरवर असते त्याने फक्त शेडचा विमा काढलेला. आणि हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही कारण कमिटी दरवर्षी बदलते, नवा माणूस जुनीच पॉलिसी रिन्यू करतो, मी पण तेच केलं असतं.

चोरीतही एक मेख आहे. बऱ्याच पॉलिसीत कुलूप तोडल्याची खूण लागते. आमच्या शेडची किल्ली किती जणांकडे आहे हे देवालाच माहीत, त्यामुळे चार वल्ही गायब झाली आणि कुलूप जागच्या जागी, तर ती चोरी नाहीच, नुसतं 'सापडत नाही'.

पण मला खरा घाम फुटला तो सम इन्शुअर्ड, म्हणजे एकूण किती रकमेचा विमा काढलाय तो आकडा बघून. तो आकडा क्लबकडे आत्ताच्या निम्म्या बोटी होत्या तेव्हाचा. मला वाटायचं की ठीक आहे, छोटं नुकसान तर पूर्ण मिळेल, मोठं झालं तरच कमी पडेल. तसं नसतं! अ‍ॅव्हरेज क्लॉज नावाचं प्रकरण असतं. समजा सगळ्या सामानाची खरी किंमत 100 आहे आणि आपण विमा 50 चाच काढला, तर 20 चं नुकसान झाल्यावर हातात 10 येतात, कारण उरलेल्या निम्म्याचा धोका तुम्हीच उचलला असं ते धरतात. वर त्यातून एक्सेस, म्हणजे दर क्लेममधे आपणच सोसायची ठरलेली रक्कम, कापला जातो तो वेगळाच. आणि पॉलिसी मार्केट व्हॅल्यूवर असेल तर घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, पण जातो. उन्हात वर्षानुवर्षं पडलेली प्लॅस्टिकची बोट म्हटल्यावर नुकसान बघायला येणारा विम्याचा सर्व्हेअर काय किंमत लावणार सांगा.

मग एका रविवारी मी आणि खजिनदार यादी करायला बसलो. बसलो म्हणजे गुडघ्यावर, टॉर्च घेऊन. बऱ्याच कयाकवर मागच्या टोकाला उजव्या बाजूला एक नंबर कोरलेला असतो, 12 किंवा 14 अक्षरांचा, त्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे मॉडेलचं साल. चिखल खरवडून वाचायला लागतो. क्लबमधे जिला सगळे 'नवी निळी' म्हणतात ती आमच्या सगळ्यांच्या आधीपासून क्लबात आहे हे तेव्हा कळलं, खजिनदार हसून हसून शेडमधेच आडवा. प्रत्येक बोटीचा फोटो, नंबरचा फोटो, सापडलं तिथे बिल. दोन बोटी तर क्लबच्या नव्हत्याच, कुणा जुन्या मेंबरच्या, ठेवून गेलेल्या. क्लबच्या पॉलिसीत त्या आपोआप येत नाहीत, मालकाला तसं कळवलं.

आणि मालकावरून आठवलं, कागदावर हे सामान क्लबचं आहे की युनिव्हर्सिटीचं हे आधी विचारून घ्या. आम्ही विचारलं तेव्हा दोन टेबलांवर दोन उत्तरं मिळाली. आता लेखी घेतलंय.

रिन्यूअलला वाद झाला तो वल्ही, हेल्मेट, लाइफ जॅकेट, स्प्रे डेक (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालून कयाकच्या तोंडावर ताणायचं आवरण) यांवरून. एकेक वस्तू एक्सेसच्या आतच येते, त्यामुळे एक वल्हं हरवलं तर क्लेम करून उपयोग शून्य, त्यापेक्षा दर टर्मला थोडे पैसे बाजूला टाकलेले बरे. पण शेडला आग लागली तर तीच चाळीस हेल्मेटं एकदम जातात, म्हणून यादीत ती हवीतच. हे पटवायला मला अर्धा तास लागला. वाहतुकीचं कव्हर मात्र एका मिनिटात पास झालं, चिरलेली कयाक मी मुद्दाम मीटिंगच्या दाराशी आडवी ठेवली होती.

यादी आता तीन जणांच्या मेलवर आहे. 'नवी निळी'चं नाव तेच आहे. ट्रेलरला चाकाचं लॉक अजून घ्यायचंय, पॉलिसीत त्याची अट आहे, या आठवड्यात जातो.