बिऱ्हाड हलवणारा बाप

आज अमेरिकेत नॉक्सव्हिलला, टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या कोच पॅट समिट यांच्या पुतळ्यासमोर बराच वेळ थांबले. लेक मान वर करून बघत राहिली, हातातला बॉल छातीशी घट्ट धरून. ३८ हंगाम, १०९८ विजय, ८ राष्ट्रीय विजेतेपदं! पण मला सारखी आठवत होती ती टेनेसीतल्या शेतकऱ्याची पोर. दिवसभर शेतात राबायची आणि रात्री गवताच्या माळ्यावर भावांशी बास्केटबॉल खेळायची. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी अख्खं बिऱ्हाड हेन्रिएटाला हलवलं. बाप असावा तर असा. १९७४ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी कोच झाल्या, तेव्हा संघाचे कपडेही स्वतःच धुवायच्या.

"आई, त्यांच्याकडे शेवटपर्यंत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली?"

झाली गं. प्रत्येक.